न्यायाधीश कोण निवडणार?

परवा दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, आमदार आपण निवडतो, मग सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कोण निवडतं?" प्रश्न साधा, पण वाद संविधानाइतकाच जुना आहे.

मे 1949 मध्ये संविधान सभेत मद्रासचे मुस्लिम सदस्य बी. पोकर साहेब यांनी मागणी केली, की नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती हवीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उत्तर असं होतं, की सरन्यायाधीशही माणूसच. त्यांच्या एकट्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं. म्हणून अनुच्छेद 124 मध्ये 'संमती' नव्हे, 'विचारविनिमय' आला.

पोकर साहेबांच्या मागणीचं मोल पुढे कळलं. केशवानंद भारती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, 25 एप्रिल 1973 रोजी, तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश नेमले गेले. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत, 1976 साली, अटकेविरुद्ध दाद मागण्याच्या नागरिकांच्या हक्कासाठी पाच जणांच्या खंडपीठात एकटे एच. आर. खन्ना उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांनाही डावललं आणि एम. एच. बेग सरन्यायाधीश झाले.

इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. बेग मुस्लिम होते, पण त्या निकालात ते सरकारच्या बाजूने होते. मराठी माणूस य. वि. चंद्रचूडही त्याच बहुमतात होते. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे इन्साफ मिळतोच, असं नाही.

1993 मध्ये न्यायालयाने 'विचारविनिमया'चा अर्थच बदलला आणि निवडीत न्यायाधीशांचा शब्द अखेरचा ठरला. 1998 पासून सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश यांचं कॉलेजियम नावं सुचवतं. मग बाबासाहेबांचा इशारा आठवू लागला: बंद दाराआड होणाऱ्या निवडीचा जाब कोण विचारणार?

2014 मध्ये संसदेने सहा जणांचा नियुक्ती आयोग आणला. त्यातल्या दोन नामवंत व्यक्तींपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिलांमधून यायची होती. मात्र कोणतेही दोन सदस्य शिफारस अडवू शकत होते. म्हणजे कायदामंत्री आणि एक नामवंत मिळून सरन्यायाधीशांनाही थोपवू शकले असते. ऑक्टोबर 2015 मध्ये न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी आयोग रद्द केला.

मला वाटतं, आयोग गेला ते योग्यच झालं. पण निवडीचे निकष जाहीर असावेत आणि सर्व समाजांतल्या लायक वकिलांचा विचार व्हावा, ही अपेक्षा त्याबरोबर जाऊ नये.

त्या मुलीला मी सांगितलं, "सध्या न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात." ती म्हणाली, "मग आपण?" आपण निदान प्रश्न तरी विचारत राहिलं पाहिजे.