आपला डोंगर काय मेला का?

मंडळी, गेल्या वर्षी जूनमध्ये लडाखला जाऊन आलो. ऑफिसातले आम्ही सहा जण, आठ दिवस, लेह - नुब्रा - पँगाँग असा ठरलेला मार्ग. फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेच असतील, त्यामुळे प्रवासवर्णन लिहून पिडत नाही. आज विषय वेगळाच आहे, पण सुरुवात तिकडून करावी लागेल.

परतीच्या विमानात टीममधल्या एका पुणेकर मित्राने सहज विचारलं, "काय रे, तुमच्या भाईंदरला बघण्यासारखं काय आहे?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "काही नाही. लोकल पकडायची आणि बाहेर पडायचं!" सगळे हसले. मीही हसलो.

घरी पोचलो. आमचं घर मोरव्याला, म्हणजे भाईंदर पश्चिमेला स्टेशनवरून उत्तनच्या दिशेने निघालात की मुर्धा, राई, मोरवा ही जी आगरी गावं लागतात, त्यातलं एक. आजीला मोबाईलवर फोटो दाखवले. तिची अर्धी हयात मिठागरात आणि शेतात गेली. पाचपन्नास फोटो बघून झाल्यावर ती म्हणाली, "डोंगर बगाला एवऱ्या लांब गेल्तास? आपला डोंगर काय मेला का?"

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

आधी लडाखबद्दल थोडं. हा प्रदेश बाहेरच्या पर्यटकांसाठी १९७४ साली उघडला. त्या पहिल्या वर्षी आलेल्यांची संख्या पाचशेच्या आसपास होती. नुब्रा आणि पँगाँग तर १९९४ नंतर खुले झाले. २००९ साली 'थ्री इडियट्स' आला, शेवटचा सीन पँगाँगच्या काठावर झाला, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २०२२ मध्ये पर्यटकांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. लडाखची स्वतःची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या आत होती. म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे जास्त!

खारदुंगलाला आम्हीही पाटीपाशी उभं राहून फोटो काढला. पाटीवर १८,३८० फूट. नंतर हॉटेलात वायफाय मिळालं तेव्हा वाचलं की जीपीएसने मोजलेली खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट. आठशे फूट हवेतच! शिवाय 'ला' या शब्दाचा अर्थच खिंड, त्यामुळे आपण 'खारदुंगला पास' म्हणतो तेव्हा 'खारदुंग खिंड खिंड' म्हणत असतो. पण त्याच खिंडीत पाटीच्या बाजूला दगडांच्या राशी आणि मंत्र छापलेल्या पताका आहेत. ड्रायव्हर दादांनी गाडी थांबवून आधी तिथे हात जोडले. तिबेटी परंपरेत गावाच्या डोंगरावर एक राखणदार दैवत असतं, त्याला म्हणतात 'युल-ल्हा'. युल म्हणजे गाव-मुलूख, ल्हा म्हणजे देव. थोडक्यात ग्रामदैवत. आम्ही ज्याला 'व्ह्यू' म्हणत होतो ते दादांच्या लेखी घरातलं वडीलधारं माणूस होतं.

माझी गोची इथे झाली. आपल्याकडेही गावदेव आहे, डोंगर आहे. मग मी "काही नाही" का म्हणालो?

उत्तर शोधायला एका रविवारी सकाळी चौकची बस पकडली. मोरव्याच्या पश्चिमेला जी टेकड्यांची रांग दिसते ती डोंगरी, उत्तन, चौक अशी खाडीच्या तोंडापर्यंत जाते. उंची म्हणाल तर लडाखच्या माणसाला हसू येईल. या सगळ्या भागाचं जुनं नाव धारावी बेट. (झोपडपट्टीवाली धारावी वेगळी, हे मला दर नव्या मॅनेजरला समजवावं लागतं.) उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला मनोरीची खाडी आणि पूर्वेला खाजण. गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, मोरवा हे सगळे याच बेटाचे रहिवासी.

चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे मोजके अवशेष आहेत. तिथे उभं राहिलं की खाडीपलीकडे, अगदी समोर, वसईचा किल्ला. आणि मग इतिहासाच्या पुस्तकातला एक धडा एकदम नकाशासारखा उलगडतो.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने हुमायूनच्या भीतीने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची दोनशे वर्षं वसई हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं. चर्च, वाडे, तटबंदी... या सगळ्याला दगड लागला, आणि धारावी बेटातल्या खाणींमधून तो खाडीपलीकडे गेला. 'वसईचा दगड' म्हणून या भागातल्या दगडाची इतकी ख्याती होती की तो गोव्याच्या इमारतींपर्यंत पोचला. म्हणजे आज आपण वसईला जाऊन ज्या भव्य भिंतींसमोर सेल्फी काढतो, त्यात आमच्या डोंगराचाही वाटा आहे. डोंगर त्या काळी 'सीनरी' नव्हता, खाण होता.

मग १७३७. चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली, ठाणं आणि साष्टी मराठ्यांकडे आली. वसई मात्र दाद देईना, कारण तिला समुद्रातून रसद मिळत होती. रसदीची गलबतं खाडीच्या तोंडातून येणार आणि त्या तोंडावर दक्षिणेला बसलाय आमचा डोंगर! इथे तोफा चढवल्या की खाडीचं दार तुमच्या हातात. आमच्या भाषेत सांगायचं तर वसईचा 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. दोन्ही बाजूंना ते कळत होतं, म्हणूनच ही टेकडी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे अशी फिरली. १७३९ च्या सुरुवातीला ती मराठ्यांनी पक्की घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. वसईचा विजय आपण सगळे पाठ करतो. धारावीचं नाव परीक्षेत कधी आलेलं आठवतंय?

तेव्हाही डोंगर 'सीनरी' नव्हता. चौकी होता.

मग डोंगर 'बघण्याची' गोष्ट कधी झाला? आपल्या भागापुरतं उत्तर तारीखवार देता येतं. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट कर्जतजवळच्या चौक गावी मुक्कामाला होता. (हो, तिकडेही चौकच!) सहज म्हणून तो समोरचा डोंगर चढला, वरची गर्द झाडी आणि हवा बघून खूश झाला, आणि काही वर्षांत माथेरान नावाचं हिल स्टेशन उभं राहिलं. मग लुइझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, शार्लट लेक. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे. गंमत म्हणजे इतिहासात याला 'माथेरानचा शोध' म्हणतात. डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच, पण त्यांनी तो 'शोधला' नव्हता, ते तिथे राहत होते. 'पॉइंट' हा शब्द आपल्या भाषेत तेव्हा घुसला तो कायमचा. आज कुठल्याही गडावर जा, सूर्य मावळतो तिथे सनसेट पॉइंट!

तेव्हा माथेरान आणि मोरवा एकाच ठाणे जिल्ह्यात होते. एक डोंगर 'पॉइंट' झाला, दुसरा नाही. बरं झालं की वाईट? मला आधी वाटलं वाईट. आता तितकी खात्री नाही.

कारण ज्या डोंगराचा पॉइंट होत नाही, तो शहराच्या हिशेबात 'मोकळी जागा' असतो. आमच्या बेटावर बघायची ठिकाणं आली, नाही असं नाही. गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं आणि २०२२ मध्ये बंदही झालं. २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं, खांबांशिवाय उभा असलेला त्याचा प्रचंड घुमट इंजिनिअर माणसाने एकदा तरी बघावाच. उत्तनला वेलंकनी मातेच्या दर्शनाला लांबून लोक येतात. पण खुद्द डोंगराचं काय? शहराचा कचरा कित्येक वर्षं उत्तनच्या धावगी डोंगरावर जातोय. पर्यटक रस्त्याने जाताना काचा वर करतात, एवढीच काय ती दखल.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. मेट्रोची कारशेड आधी राई, मुर्धा, मोरवा या आमच्या गावांच्या जमिनीवर होणार होती. गावं पेटून उठली. घरं आणि शेतजमिनी जाणार होत्या, उठणारच. बैठका झाल्या, निवेदनं गेली. एका निवेदनावर माझीही सही आहे. शेवटी कारशेड इथून हलवायचं ठरलं. आम्ही पेढे वाटले. घरी आजीने गावदेवीला नारळ फोडला.

कारशेड हलली कुठे? डोंगरीला. त्याच टेकड्यांवर. २०२५ मध्ये तिथली हजारो झाडं तोडण्याच्या नोटिसा निघाल्या, आणि हजारो लोकांनी हरकती पाठवल्या.

आमच्या धंद्यात असं खूपदा होतं. आपल्या नावावरचं तिकीट गायब झालं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. ते रिझॉल्व्ह झालेलं नसतं, फक्त दुसऱ्याला असाईन झालेलं असतं. मोरव्याच्या निवेदनावर माझी सही आहे. डोंगरीच्या हरकतींमध्ये माझं नाव नाही. त्या आठवड्यात रिलीज होतं, रात्री दोनपर्यंत ऑफिसात होतो, लिंक कुणीतरी ग्रुपवर टाकली होती, "नंतर बघू" म्हणालो आणि मुदत संपली. हे सगळं खरं आहे आणि तरीही ते कारण नाही. खरं कारण असं की माझ्या डोळ्यांना तिथे काही दिसतच नव्हतं. लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांचे मी चारशे फोटो काढले, आणि घराच्या गच्चीतून दिसणाऱ्या हिरव्या डोंगराचा माझ्याकडे एकही नव्हता.

मेट्रो नको असं मी म्हणत नाहीये. रोज सकाळी ८.०२ च्या लोकलला लटकणारा माणूस असं कसं म्हणेल? कारशेड कुठेतरी होणारच. पण 'कुठेतरी' म्हणजे प्रत्येक वेळी कुणाचं तरी गाव किंवा कुणाचा तरी डोंगर असतो, आणि त्याची किंमत ठरवताना आपण तिथे काय दिसतं एवढंच विचारतो. त्या डोंगराने आजवर काय काय केलं, हे कुणी विचारत नाही. आमच्या डोंगराने वसईला दगड दिला, खाडीचं दार राखलं, आता शहराचा कचरा पोटात घेतोय. नवस कुणी बोललं असेल तर ते आजीसारख्यांनी. मी नाही.

त्या रविवारी संध्याकाळी परत येऊन आजीला किल्ल्यावरचे फोटो दाखवले. खाडी, पलीकडची वसई, खाली लागलेल्या होड्या. लडाखच्या वेळी दहा मिनिटांत कंटाळलेली आजी अर्धा तास एकेक फोटो मोठा करून बघत होती. कुठल्या वाटेने ती लहानपणी लाकडं आणायला जायची ते शोधत होती. सापडली नाही. मला म्हणाली, पुढच्या वेळी मला घेऊन जा, मी दाखवते.

पुणेकर मित्रालाही मेल टाकलाय की उत्तर बदललंय, एका रविवारी ये. खारदुंगलाची पाटी नाही मिळणार, पण येताना बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी नक्की. आजी आणि तो, दोघांना एकत्रच नेईन म्हणतो. पाऊस संपला की लगेच.

चला, उद्या सोमवार. पुढच्या विकेंडला भेटूच.