गरोदरपणातील वजन व देहप्रतिमा (चेंबूर-देवनार)

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत स्त्रीला आपल्या वाढत्या वजनाविषयी, पोटाच्या घेराविषयी, कातडीवरच्या व्रणांविषयी व अंग पुन्हा पूर्वीसारखे होईल की नाही ह्याविषयी वाटणारी काळजी, तसेच ह्या काळजीतून निभावण्याच्या घरगुती व वैद्यकीय रीती. नोंद मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूर, देवनार व गोवंडी ह्या पट्ट्याची आहे; तरीही पुणे व नागपूर येथील संशोधनाचा आधार तीत वारंवार येतो. ह्या विषयातील महाराष्ट्राची बरीचशी आकडेवारी तेथे जमली आहे.

परिसर : चेंबूर नाका, टिळकनगर, चेंबूर कॅम्प हा भाग महापालिकेच्या एम-पश्चिम विभागात येतो, तर गोवंडी, मानखुर्द, देवनार हा भाग एम-पूर्व विभागात. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. फाळणीनंतर आलेली सिंधी-पंजाबी कुटुंबे, जुनी तमिळ वस्ती आणि मराठी चाळी-सोसायट्या असे चेंबूरचे मिश्रण असल्यामुळे गरोदर बाईला शेजारून मिळणारे सल्लेही तीन-चार भाषांतून येतात. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला 'फार वाढले' म्हणून धास्ती आणि दुसऱ्या अंगाला 'वाढतच नाही' म्हणून धास्ती, असे ह्या पट्ट्याचे ढोबळ वर्णन करता येईल. प्रत्यक्षात दोन्ही काळज्या दोन्हीकडे आहेत, कधीकधी एकाच घरातल्या दोन जावांत.

मोजमाप : देशातील स्त्रियांच्या वजनाचे आकडे ज्या संस्थेतून निघतात, ती ह्याच परिसरात आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) गोवंडी स्टेशन रोडवर, देवनार येथे असून १९९२–९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या तिने पार पाडल्या आहेत. ह्या पाहण्यांत स्त्रियांची उंची व वजन घरी जाऊन मोजतात. पाचव्या पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया कृश, म्हणजे १८.५ पेक्षा कमी बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक), व २४ टक्के स्त्रिया २५ किंवा त्याहून अधिक बीएमआयच्या आढळल्या. चौथ्या पाहणीत (२०१५–१६) हेच आकडे अनुक्रमे २२.९ व २०.६ होते. ह्या दोन पाहण्यांच्या दरम्यान पारडे फिरले आणि जाड स्त्रिया कृश स्त्रियांहून अधिक झाल्या.

बीएमआयच्या ह्या आकड्यांतून गरोदर स्त्रिया आणि मागील दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया वगळलेल्या असतात. सांख्यिकीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पोटातल्या बाळासकट घेतलेल्या वजनाला बीएमआयचे गणित लावणे चुकीचे ठरेल. परंतु परिणाम असा, की ज्या काळात बाईच्या वजनाची सर्वाधिक चर्चा होते, त्या काळाचे वजन ह्या आकड्यांत येत नाही. प्रसूतिपूर्व सेवांच्या प्रकरणात तपासणीच्या वेळी वजन केले होते का, एवढे विचारलेले असते. रक्तक्षयाची नोंद मात्र आहे : पाचव्या पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. वजन वाढले म्हणजे पोषण झाले, हा समज ह्या एका आकड्याने ढिला पडतो.

किती वाढावे, ह्याला एक उत्तर नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत एकूण ९ ते ११ किग्रॅ. आणि पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला सुमारे २ किग्रॅ. वाढ अपेक्षिली आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये मूळच्या बीएमआयनुसार चार पायऱ्या ठरवल्या : कृश स्त्रीस १२.५ ते १८, मध्यम बांध्याच्या स्त्रीस ११.५ ते १६, अतिवजनी स्त्रीस ७ ते ११.५ व स्थूल स्त्रीस ५ ते ९ किग्रॅ. त्यातच भारतीयांसाठी अतिवजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरावी, असे येथील तज्ज्ञांनी सुचवले आहे. आता १५० सेंमी. उंचीची, ५४ किग्रॅ. वजनाची बाई घ्या. तिचा बीएमआय २४. अमेरिकी रेषेप्रमाणे ती मध्यम बांध्याची, म्हणून तिला १६ किग्रॅ.पर्यंत मुभा, भारतीय रेषेप्रमाणे ती अतिवजनी, म्हणून ११.५ वर थांबायचे. सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ११. दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले, तर दोघेही बरोबर असू शकतात. मध्यंतरी दवाखाना बदललेल्या बाईला हे कोणी समजावून सांगत नाही, आणि तिच्या काळजीचा बराचसा भाग येथेच तयार होतो.

आंतरराष्ट्रीय इंटरग्रोथ-२१ प्रकल्पात जगातील आठ ठिकाणे निवडली होती. भारतातून नागपूर होते. निरोगी, सुस्थित व प्रारंभी मध्यम बीएमआयच्या स्त्रियांचा त्यात अभ्यास झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ४० व्या आठवड्यापर्यंतची सरासरी वाढ १३.७ किग्रॅ. भरली, मात्र त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसारा मोठा होता. शेजारणीचे दहा वाढले आणि आपले पंधरा, ह्यावरून काही सिद्ध होत नाही, हे सांगायला हा पसारा पुरेसा आहे.

वाढलेले वजन जाते कोठे, ह्याचा जुना व आजही दिला जाणारा हिशेब फ्रँक हिटन ह्यांचा आहे. एकूण १२.५ किग्रॅ.पैकी बाळ ३.४, वार ०.६५, गर्भजल ०.८, गर्भाशय सुमारे १, स्तन ०.४, वाढीव रक्त सुमारे १.५, ऊतींतील पाणी सुमारे १.५ आणि उरलेली सुमारे ३.३ किग्रॅ. चरबी. ही चरबी पुढे दूध पाजण्याच्या काळासाठीचा साठा मानली जाते. ह्या हिशेबाने प्रसूतीच्या दिवशी जेमतेम ५ किग्रॅ. उतरतात, रक्त व पाणी पुढील काही आठवड्यांत ओसरते. घरी आल्यावर आरशात अजून पाचव्या-सहाव्या महिन्याएवढे पोट दिसते, ह्यात बिघडलेले काहीच नसते. हा हिशेब सातव्या महिन्याच्या तपासणीतच सांगितला, तर पुढची पुष्कळ रड वाचेल, असे नोंदलेखकाचे मत आहे.

पुणे आणि मुंबई : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. ह्या माता सरासरी १५२ सेंमी. उंच व १८.१ बीएमआयच्या, त्यांची बाळे सरासरी २.७ किग्रॅ.ची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना करता ही बाळे स्नायूंनी व अवयवांनी बरीच लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकवून असलेली निघाली. 'दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त' अशा भारतीय बाळाची ही संकल्पना मधुमेहाच्या संशोधनात पुढे जगभर गेली. त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली असल्याचे दिसले. एकूण उष्मांकांचा तसा स्पष्ट संबंध दिसला नाही.

हा धागा मुंबईत उचलला गेला. २००६ पासून पश्चिम उपनगरांतील झोपडवस्त्यांत 'सरस्वती प्रकल्प' झाला. ६,००० हून अधिक स्त्रियांना, दिवस जाण्याच्या आधीपासूनच, रोज एक खाऊ देण्यात आला : अर्ध्या जणींना पालेभाजी, फळ व दूध घातलेला, अर्ध्या जणींना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. खाऊ समोसा-वडीच्या वळणाचा होता. बाळाच्या सरासरी वजनात सर्व स्त्रिया एकत्र धरता ठळक फरक पडला नाही. दिवस जाण्यापूर्वी तीन महिने किंवा अधिक काळ खाऊ घेतलेल्या स्त्रियांत मात्र थोडी वाढ दिसली. गरोदरपणातील मधुमेह पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के व दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळला. किती खाल्ले ह्यापेक्षा काय खाल्ले हे पाहा, असे सांगताना आज आहारतज्ज्ञ ह्याच प्रकारच्या पुराव्याकडे बोट दाखवतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदर स्त्रीला रोज ३५० किलोकॅलरी अधिक सांगितल्या आहेत. एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढ्यात त्या भागतात. 'दोन जिवांचं खा' ह्या आग्रहाचा शास्त्रीय हिस्सा एवढाच.

घर व दवाखाना : महापालिकेच्या बहुतेक प्रसूतिगृहांत नाव घातल्यापासून दर खेपेला वजन होते. चपला काढायच्या, पिशवी बरोबरच्या बाईकडे द्यायची, काट्यावर उभे राहायचे; सिस्टर आकडा मोठ्याने पुकारते, टेबलावरची दुसरी तो पेपरावर चढवते, आणि बाकावरच्या सगळ्यांना तो ऐकू जातो. मग बाहेर पडेपर्यंत 'किती झालं गं?' आणि 'माझं तर एवढं नव्हतं झालं' हे होतेच. आकडा हळू आवाजात सांगण्याला खर्च काही येत नाही.

घरी उलटसुलट बोलणी चालतात. सासू ताटात तूप वाढते, आणि रात्री तीच सुनेच्या नणंदेला फोनवर 'फार सुटलीय' म्हणून सांगते. ह्याच्या नेमका विरुद्ध समज, जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि 'सिझर' करावे लागेल, हाही टिकून आहे. मुद्दाम कमी खाण्याची ही रीत दक्षिण भारतातील मानवशास्त्रीय अभ्यासांत १९८० च्या दशकापासून नोंदलेली आहे. डोहाळजेवणात (→ डोहाळजेवण) फुलांची वाडी भरून, धनुष्य हाती देऊन, झोपाळ्यावर बसवून फोटो काढतात. एरवी झाकलेले पोट त्या दिवशी मिरवायचे असते, आणि बऱ्याच जणींना आपल्या देहाचा अभिमान वाटल्याचा गरोदरपणातला हाच एक दिवस आठवतो. वाटीखालचा पेढा की बर्फी, किंवा पोट पुढे की पसरट, ह्यावरून मुलगा-मुलगी ठरवण्याला काहीही आधार नाही.

बाळंतपणानंतर अळिवाचे व डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालीशवाल्या बाई आणि पोट बांधणे हा क्रम चालतो. पोट बांधल्याने ते आत जाते का, ह्यावर एकमत नाही. पाठीला आधार वाटतो, असे अनेक जणी सांगतात. सिझरच्या टाक्यांवर घट्ट बांधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे इष्ट.

पडदा : अभिनेत्री विद्या बालन चेंबूरमध्ये वाढल्या व तेथील सेंट अँथनी शाळेत शिकल्या. 'द डर्टी पिक्चर' (डिसेंबर २०११) साठी त्यांनी वजन वाढवले आणि 'कहानी' (मार्च २०१२) मध्ये कृत्रिम पोट बांधून गरोदर स्त्री रंगवली. दोन्ही भूमिकांची वाहवा झाली. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०११ मध्ये मुलगी झालेल्या ऐश्वर्या राय ह्यांच्या वाढलेल्या वजनावर वृत्तपत्रांतून व इंटरनेटवर टोमणे चालू होते, आणि मे २०१२ मधील कान महोत्सवापर्यंत ते थांबले नाहीत. बांधलेल्या पोटाला टाळ्या आणि खऱ्या बाळंतिणीला टवाळी असा हा एकाच हंगामातला प्रकार आहे. विद्या बालन ह्यांनी २०१९ मध्ये शरीरावरून हिणवण्याविरुद्ध रेडिओ-मोहिमेत भाग घेतला. अभिनेत्री काजल अगरवाल ह्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःच्या गरोदरपणीच अशा टोमण्यांना जाहीर उत्तर दिले.

त्वचा : पोट, स्तन व मांड्यांवरील ताणाचे व्रण बहुसंख्य स्त्रियांना येतात, कालांतराने फिकट होतात, पूर्ण जात नाहीत, तेल वा मलमाने ते टळतात ह्याला सबळ पुरावा नाही. चेहऱ्यावरील वांग व पोटावरची काळी रेघ बहुधा ओसरते.

व्यायाम : अडचण नसल्यास आठवड्याला १५० मिनिटे मध्यम हालचाल (जागतिक आरोग्य संघटना, २०२०).

धोक्याची वाढ : महिन्याला ३ किग्रॅ.हून अधिक वजन वाढल्यास रक्तदाबाचा विकार, जुळे किंवा मधुमेह ह्यांची शंका घ्यावी, असे सरकारी मार्गदर्शिका सांगते. चेहरा-हातांवर सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे असल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. भारतात गरोदरपणातील मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात, दर डेसिलिटरला १४० मिग्रॅ. वा अधिक साखर म्हणजे हा मधुमेह. गरोदरपणात वजन उतरवण्याचा आहार करू नये, ह्यावर दुमत नाही. खाणे टाळणे, मुद्दाम उलटी काढणे, दिवसातून अनेकदा वजन करणे असे होऊ लागल्यास, किंवा पूर्वी असा विकार होऊन गेलेला असल्यास, ते पहिल्याच भेटीत सांगावे.

मन : विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या अभ्यासात (२००२) प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्याच्याशी जोडली गेलेली कारणे होती दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे. आपल्याकडे 'शरीरावरून मन खट्टू झाले' अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईशी बोलताना ह्या तिन्हींची चौकशी करणे समुपदेशकाने सोडू नये. वजनाविषयी बोलणे घरात चालते, मारहाणीविषयी चालत नाही.

सेवा : गोवंडीचे शताब्दी रुग्णालय व चेंबूरचे माँ रुग्णालय ही ह्या पट्ट्यातील महापालिकेची रुग्णालये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते. 'स्नेहा' ही संस्था (१९९९) वस्त्यांतून माता-बालपोषणाचे काम करते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनी-समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र शासनाची 'टेलिमानस' (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तीवर मराठीतही बोलता येते.