वस्तरा बाधला?

दाढी केल्यावर दोन दिवसांनी गळ्यावर लाल पुळ्या उठल्या, की आमच्याकडे सोलापुरात निदान ठरलेलं : "वस्तरा बाधला." म्हणजे दोष न्हाव्याचा. मला वाटतं, या निदानात न्हाव्यावर जरा अन्याय झालाय.

गावगाड्यातला न्हावी बलुतेदार. त्याच्या धोकटीत वस्तरा, निसणा, पाण्याची वाटी, आरसा, तुरटी. साबण नव्हता तेव्हा तो पाणी चोळचोळून दाढी मऊ करी, मगच वस्तरा लावी. आधी सुलटा हात, अगदी गुळगुळीत हवी असेल तरच उलटा. धोका होता तो एकच वस्तरा सगळ्यांना फिरवण्यात. त्यातून केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग होई. त्या रोगाला इंग्रजीत 'बार्बर्स इच' म्हणतात. तिथेही नाव न्हाव्याचंच!

अर्थात हा न्हावी सगळ्यांचा नव्हता. साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसे द्यायची ऐपतही होती, तरी लहानग्या भीमराव आंबेडकरांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अशा समाजात आपली दाढी आपण करता येणं ही साधी गोष्ट नव्हती.

ती सोय जिलेटच्या सेफ्टी रेझरने केली. 1903 साली अमेरिकेत त्याचे जेमतेम 51 रेझर खपले होते, पुढे तो जगभर पसरला. पण वस्तरा हातात आला, तरी न्हाव्याचं ज्ञान काही पाकिटातून आलं नाही. घाईत, कोरड्या गालावर, उलटा हात रोजचाच झाला.

1986 मध्ये भारतात एचआयव्ही आढळला. पुढे एड्सच्या धास्तीने सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड आलं. चांगलंच झालं. तरी पुळ्या येतच राहिल्या. मग दोष कुणाचा?

याचं उत्तर 1956 सालीच स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी मांडलं होतं. दोष केसाचा! कुरळा केस कापला की त्याला तिरकं, अणकुचीदार टोक येतं, ते वळून पुन्हा कातडीत घुसतं आणि शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं. कातडी ताणून उलटा हात मारला, तर केस आतच तुटून आतच वाढतो. 1971 नंतर आलेल्या दोन-तीन पात्यांच्या रेझरांनी तर केस आणखी खोल कापायला सुरुवात केली.

म्हणून उपायही सोपे. पुळ्या असतील तर तीन-चार आठवडे दाढी वाढू द्यावी. कोमट पाण्याचं फडकं ठेवावं, चिमट्याने केस उपटू नयेत. पुढे दाढी नीट भिजवून, एका पात्याने, सुलट्या हाताने, कातडी न ताणता करावी. नाहीतर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राहू द्यावेत. तुरटीने रक्त थांबतं, केस सरळ होत नाही. पू झाला किंवा वण जाड होऊ लागला, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

यातलं भिजवणं आणि सुलटा हात धोकटीवाल्याला ठाऊकच होतं. गुळगुळीत गालाचा हट्ट गिऱ्हाइकाचा, आणि बोल मात्र वस्तऱ्याला. असो. पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की एवढंच सांगून बघा, "दादा, उलटा हात नको."