एंटामीबा हिस्टॉलिटिका : रेणवीय संशोधनाचा इतिहास

मानवाच्या बृहदांत्रात राहणारा एककोशिक परजीवी. अमीबाजन्य आमांश व यकृतातील विद्रधी (पू झालेले गळू) हे विकार त्याच्यामुळे होतात. सेंट पीटर्झबर्ग येथे फ्योदोर ल्योश यांनी 1875 मध्ये आमांशाच्या रुग्णाच्या मलात त्याचे निरीक्षण केले. ऊतक विरघळविणारा या अर्थाचे त्याचे जातिनाम फ्रिट्झ शाउडिन यांनी 1903 मध्ये दिले.

मलात पुटी आढळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आजारी का पडत नाहीत, हे कोडे दीर्घकाळ सुटले नाही. दिसण्यात सारखी, परंतु निरुपद्रवी अशी एंटामीबा डिस्पार ही वेगळी जाती असावी, असे एमील ब्रंप्त यांनी 1925 मध्ये मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंत भेद दिसत नसल्याने हे मत सु. पन्नास वर्षे उपेक्षित राहिले. तत्कालीन साधने पाहता टीकाकारांना फारसा दोष देता येत नाही.

अमीबा जंतूंच्या साहचर्यात वाढत असल्याने त्याचे शुद्ध रासायनिक परीक्षण अशक्य होते. एल्. एस्. डायमंड यांनी 1961 मध्ये जंतुविरहित संवर्धन साधले आणि ही अडचण दूर झाली. पी. जी. सार्जंट यांनी 1978 पासून एंझाइमांच्या विद्युत् संचारणावरून रोगकारक व निरुपद्रवी असे गट पाडले. तथापि संवर्धनात एक गट दुसऱ्यात बदलतो, असे डी. मिरेलमन यांनी 1986 मध्ये जाहीर केल्याने वाद पुन्हा पेटला. त्याच सुमारास जगातील बाधितांची संख्या सु. 48 कोटी मानली जात होती. त्या सर्वांवर उपचार करावयाचे की काहींवरच, हे या वादाच्या निकालावर अवलंबून होते. ई. टॅनिक यांनी 1989 मध्ये दोन्ही गटांच्या डीएनएमधील मूलभूत फरक दाखविले. डायमंड व सी. जी. क्लार्क यांनी 1993 मध्ये दोन जातींचे रीतसर पुनर्वर्णन केले आणि 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा भेद स्वीकारला. केवळ डिस्पार आढळल्यास उपचार नकोत, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

भारतात नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सुधा भट्टाचार्य व आलोक भट्टाचार्य यांचे कार्य महत्त्वाचे आहे. या अमीबाची रिबोसोमी आरएनएची जीने गुणसूत्रांवर नसून सु. 24,500 बेस-जोड्यांच्या वर्तुळाकार डीएनएवर असतात, असे 1989 मध्ये दिसून आले. केंद्रकातील जीनांबाबत हे अगदी असामान्य आहे. कॅल्शियम-बंधक प्रथिनांवरील त्यांच्या अभ्यासातून, अमीबा मानवी कोशिका कशा गिळतो हे उलगडू लागले. त्यातील सीटूपीके या एंझाइमाचे कार्य 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

संपूर्ण जीनोम 2005 मध्ये वाचला गेला. प्रथम सु. 2·4 कोटी बेस-जोड्या व दहा हजारांजवळ जीने मोजली गेली. 2010 मधील फेरजुळणीत हे आकडे सु. 2 कोटी व 8,200 असे घटले. ऑक्सिजनाच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणारी कलकणू-यंत्रणा यात नाही. तिचे मायटोसोम नावाचे अवशेष मात्र 1999 मध्ये सापडले होते. मेट्रोनिडाझोल, तसेच मुंबईतील गोरेगावच्या सिबा-गायगी संशोधन केंद्रात शोधलेले सॅट्रानिडाझोल, ही औषधे या अनॉक्सी चयापचयाचाच लाभ घेतात : अमीबातील क्षपणकारी प्रथिने त्यांचे विषारी रूपांतर घडवितात.