मिनिटामिनिटाचा पहारा : क्रॉनची कुळकथा

मराठीतील ‘तास’ हा शब्द मुळात काळाचे नव्हे, तर एका वस्तूचे नाव आहे. ठोके देण्यासाठी टांगलेल्या काशाच्या थाळीला तास म्हणत, आणि तिच्यावर वेळेचे टोल पडता पडता थाळीचे नाव वेळेच्या मापालाच चिकटले. यंत्राचे घड्याळ येण्यापूर्वी हे टोल घटिकापात्राच्या आधाराने पडत; बुडाला बारीक छिद्र असलेले ते भांडे पाण्यावर सोडले की २४ मिनिटांत भरून बुडे, जवळ बसलेला माणूस ते रिकामे करून पुन्हा सोडी, आणि अशा ६० घटिकांनी दिवस आणि रात्र मिळून पुरी होत असे. या माणसाचे काम वेळ मोजण्याचे आणि ती पुकारण्याचे होते. टोल ऐकल्यावर कोणी काय करायचे, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. संगणकावरील ‘क्रॉन’ने या व्यवस्थेत एकच बदल केला, पण तो फार मोठा होता: कोणत्या वेळी कोणते काम व्हायचे याची यादीच वेळ मोजणाऱ्याच्या हाती देण्यात आली.

क्रॉन हे नाव काळ या अर्थाच्या ‘ख्रोनोस’ या ग्रीक शब्दाशी जोडले जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ झाला आणि तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत क्रॉनचे जे रूप दिसते, ते घटिकापात्राजवळच्या माणसासारखेच आहे. हा कार्यक्रम पडद्यामागे अखंड जागा असे (अशा कार्यक्रमांना युनिक्सच्या परिभाषेत ‘डीमन’ म्हणतात); दर मिनिटाला तो संपूर्ण यंत्रासाठी असलेली एकच यादी पाही, त्या मिनिटाचे काम आढळले तर ते करी, आणि पुन्हा मिनिटभर निजे. त्या यादीला ‘क्रॉनटॅब’, म्हणजे क्रॉनचा तक्ता, असे नाव मिळाले. एकदाच करायच्या कामासाठी ‘अ‍ॅट’ ही वेगळी आज्ञा होती. पुन्हा पुन्हा करायची कामे मात्र क्रॉनकडे जात.

या तक्त्याची मांडणी इतकी आटोपशीर आहे की तिच्याजवळ थोडे थांबलेच पाहिजे. प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार; त्यानंतर करायच्या कामाची आज्ञा येते. रकान्यात ‘*’ हे चिन्ह असले, तर त्या मापाची कोणतीही किंमत चालेल असा अर्थ होतो. म्हणून ‘३० ५ * * *’ ही पाच पदे रोज पहाटे साडेपाच सांगतात, तर ‘० ९ * * १’ ही दर सोमवारी सकाळचे नऊ. पंचांग वाचण्याची सवय असलेल्याला तिथी आणि वार एकत्र जुळण्याची अपेक्षा असते. येथे मात्र तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर दोहोंपैकी एक जुळले तरी काम होते. नवख्यांची फसगत येथेच होते.

एका यादीवर दर मिनिटाला नजर टाकणे सोपे होते. अनेकांच्या याद्या आल्या तेव्हा ही पद्धत तोकडी पडली. १९७९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात एका सामायिक यंत्रावरील सुमारे १०० जणांना क्रॉनची सोय देण्याचा विचार झाला, आणि सर्वांचे तक्ते मिनिटामिनिटाला चाळण्यातच यंत्राची शक्ती खर्च होऊ लागली. रॉबर्ट ब्राऊन यांनी त्यावर जो उपाय योजला, तो या कुळकथेतील सर्वांत बुद्धिमान टप्पा मानावा लागेल: सर्व कामे येणाऱ्या वेळेच्या क्रमाने रांगेत लावायची, पहिल्या कामाची वेळ होईपर्यंत खुशाल निजायचे, आणि ते झाले की त्याची पुढची वेळ काढून त्याला पुन्हा रांगेत उभे करायचे. पुढे १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेली आवृत्ती मुक्तपणे वाटली गेली आणि लिनक्सच्या अनेक वितरणांत तिचाच वंश चालू राहिला.

वेळापत्रक आणि ते पाळणारा यांची अशी फारकत संगणकापुरती नाही, हे कर्जत तालुक्यातील भिवपुरीकडे पाहिले की कळते. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधून, तिचे पूर्वेकडे जाणारे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली सोडणारे टाटांचे भिवपुरी जलविद्युत केंद्र १९२२ पासून मुंबईसाठी वीज निर्माण करीत आले आहे. एका पावसाळ्यात भरलेले पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचे असल्याने, ते किती सोडावे याइतकेच ते केव्हा सोडावे यालाही मोल असते. शिवाय जलविद्युत जनित्र थोड्या मिनिटांत चालू होत असल्यामुळे मागणीच्या ऐन वेळी त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागाच्या वीजजाळ्यात उपलब्धता-आधारित दरपद्धती आली. तिच्यात दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत विभागला जातो आणि प्रत्येक खंडाचे नियोजन आदल्या दिवशी आखले जाते. जनित्र चालवणे हे क्रॉनचे काम नव्हे, पण हिशेब तोच आहे: ‘*/१५ * * * *’ असे लिहिलेली ओळ, दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे दिवसातून बरोबर ९६ वेळा चालते.

तक्ता सांभाळण्याच्या आज्ञाही थोड्याच आहेत. ‘क्रॉनटॅब -एल’ तक्ता दाखवते, ‘क्रॉनटॅब -ई’ तो दुरुस्तीला उघडते आणि ‘क्रॉनटॅब -आर’ तो सबंध पुसून टाकते. इंग्रजी कळफलकावर ई आणि आर ही अक्षरे शेजारी आहेत आणि पुसण्यापूर्वी सहसा विचारणाही होत नाही, म्हणून तक्त्याची प्रत वेगळी ठेवणे हा शहाणपणा नसून गरज आहे. हाताने दिलेली आज्ञा चालते आणि क्रॉनकडून तीच अडते, याचे नेहमीचे कारण असे की क्रॉन वापरकर्त्याचे नेहमीचे वातावरण सोबत घेत नाही, त्यामुळे कार्यक्रमाचा पत्ता पूर्ण लिहावा लागतो.

शेवटची खबरदारी घड्याळाची. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. तेव्हा भिवपुरीत पहाटे साडेपाचला व्हायचे काम अशा यंत्रावर ‘० ० * * *’ असे लिहावे लागते, आणि भारतात ऋतूप्रमाणे घड्याळे मागेपुढे केली जात नसल्यामुळे ती ओळ वर्षभर तशीच चालते.