कोर्लई : रायगडमधलं असं गाव, जिथे आजही बोलली जाते पोर्तुगीजमधून जन्मलेली भाषा

कर्जत स्टेशनवर वडापाव खाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यातला ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांमुळे आले. ‘चावी’ आणि ‘पगार’सुद्धा. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात एका गावाने फक्त शब्द नाही, तर अख्खी भाषाच सांभाळली आहे.

कुठे आहे हे गाव?
मुरूड तालुक्यात, रेवदंड्यासमोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडे. कर्जत-खालापूरहून खोपोली, पेण, अलिबागमार्गे इथे पोहोचता येतं.

पोर्तुगीज इथे कसे आले?
1521 मध्ये पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधायची परवानगी मिळाली. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र निजामशाहीकडे होता. 1594 मध्ये त्यांनी तोही जिंकला. गंमत म्हणजे तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. 1580 ते 1640 अशी 60 वर्षं दोन्ही देशांचा राजा एकच होता. 1740 मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज गेले.

मग भाषा कशी टिकली?
पोर्तुगीज आणि स्थानिक लोकांच्या संपर्कातून तयार झालेली ही मिश्रभाषा, म्हणजे क्रिओल. गावातले ख्रिस्ती लोक तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. शेजारच्या हिंदूंपेक्षा धर्म वेगळा, त्यामुळे लग्नं आपसातच झाली आणि घरातली बोली घरातच राहिली. माउंट कार्मेल चर्चमुळे पोर्तुगीजशी नातंही पुढे बराच काळ टिकलं.

मराठीचा परिणाम झाला का?
खूप. पोर्तुगीजमध्ये क्रियापद साधारण वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईत मात्र ते मराठीसारखं शेवटी सरकलं. म्हणजे बरेचसे शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. अमेरिकन भाषातज्ज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा सविस्तर अभ्यास केला आहे.

आता धोका काय?
ही भाषा बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. शाळा मराठीत, नोकरी बाहेरगावी, आणि या भाषेला स्वतःची लेखनपरंपरा नाही. त्यामुळे आई-वडिलांनी मुलांशी ती बोलणं थांबवलं, की एका पिढीत ती संपू शकते.

कोर्लईचा किल्ला बघायला अनेकजण जातात. पुढच्या वेळी गेलात, तर किल्ल्याखालच्या गावातही थोडं थांबा. किल्ल्याचे दगड तर उभेच आहेत. भाषा मात्र कोणी बोललं तरच उरते.