बारावीनंतर मुंबई विद्यापीठ की पुणे विद्यापीठ? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालकांनी काय बघावं

बारावीचा निकाल लागला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरात एकच चर्चा सुरू होते. पोराला इथंच मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात टाकायचं, की घाट चढून पुण्याला पाठवायचं? कुणी सांगतं, ‘पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर.’ कुणी म्हणतं, ‘मुंबईची डिग्री म्हणजे नोकरी पक्की.’ दोन्ही ऐकीव गोष्टी आहेत. त्यावर तीन-चार वर्षांचा पैसा आणि पोराचं भविष्य लावण्याआधी खाली दिलेली माहिती वाचून घ्या.

दोन विद्यापीठं, दोन हद्दी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्या हद्दीत येतात. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, २०१४ मध्ये त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे त्याच्याकडे आहेत.

आपल्या भागातून बघायचं तर हिशोब सोपा आहे. कर्जतच्या पुढं बोरघाट चढला, मुरबाडच्या पुढं माळशेज ओलांडला किंवा कसारा घाट पार केला, की पुणे विद्यापीठाची हद्द लागते. म्हणजे नाशिक किंवा जुन्नरच्या कॉलेजात शिकलेल्या मुलालाही पुणे विद्यापीठाचीच पदवी मिळते. त्यासाठी पुणे शहरातच राहायला हवं असं नाही.

शिकवतं कोण?

इथंच बरेच पालक फसतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला मूल ‘विद्यापीठात’ शिकत नाही, संलग्न कॉलेजात शिकतं. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. वर्गात शिकवणारे प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि लायब्ररी कॉलेजची असते. कलिना किंवा गणेशखिंडीच्या आवारातले विभाग मुख्यतः एमए, एमएस्सी, एमकॉम आणि पीएचडीसाठी आहेत.

त्यामुळं बारावीनंतरचा खरा प्रश्न ‘कुठलं विद्यापीठ’ हा नसून ‘कुठलं कॉलेज’ हा आहे. पुण्यातल्या एखाद्या गल्लीतल्या कॉलेजपेक्षा उल्हासनगरचं चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेज, नाहीतर कल्याणचं बिर्ला कॉलेज केव्हाही बरं ठरू शकतं. उलट, पुण्याच्या फर्ग्युसन किंवा एसपीला चांगल्या विषयात नंबर लागत असेल तर तो विचार वेगळा.

नावावरून विद्यापीठ ओळखू नका

मुंबई-पुण्यातलं प्रत्येक कॉलेज या दोन विद्यापीठांचंच असेल असं नाही.

• मुंबईतलं एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे.
• केसी आणि एचआर ही कॉलेजं एचएसएनसी विद्यापीठात गेली आहेत.
• पुण्याचं सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.
• काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत.
• मुलींची काही कॉलेजं एसएनडीटीची असतात.
• स्वायत्त कॉलेज, उदाहरणार्थ कल्याणचं बिर्ला, अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एकच प्रश्न विचारा, ‘पदवीवर नाव कुठल्या विद्यापीठाचं येणार?’ खाजगी विद्यापीठाचं नाव सांगितलं तर फी आणि सवलतींची चौकशी पुन्हा नव्यानं करा.

रोजचा प्रवास की बाहेर राहणं

बदलापूर ते सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०. कलिनाला जायचं तर कुर्ल्याला उतरून पुढं बस किंवा रिक्षा. सकाळच्या गर्दीत चढायला मिळणं हीच परीक्षा असते. वांगणी किंवा मुळगावकडच्या मुलाला स्टेशनपर्यंत यायचा वेळही त्यात धरावा लागतो. रोजचे चार-साडेचार तास प्रवासात गेले तर अभ्यास कधी करणार, हे मुलाबरोबर बसून ठरवा. विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास कॉलेजच्या दाखल्यावर मिळतो, तो पहिल्याच महिन्यात काढा.

पुण्याला रोज ये-जा जमत नाही. कल्याण किंवा कर्जतहून सिंहगड, इंद्रायणी या गाड्या आहेत, त्या शनिवार-रविवारी घरी यायला उपयोगी. राहायचं मात्र तिथंच. हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाहीतर कॉट बेसिसवर खोली आणि मेस. विद्यापीठाच्या आवारातली वसतिगृहं मुख्यतः तिथल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी असतात. संलग्न कॉलेजातल्या मुलानं त्या भरवशावर राहू नये.

खर्च काढताना कॉलेजची फी एवढीच बघू नका. कागदावर लिहा: वर्षाची फी, खोलीचं भाडं गुणिले बारा (सुट्टीतही ते भरावं लागतं), डिपॉझिट, मेस, गावी येण्या-जाण्याचं भाडं, पुस्तकं. ही बेरीज तीनानं गुणा. चौथं वर्ष करायचं असेल तर चारानं. मग घरातला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवा. कर्ज काढून पहिलं वर्ष भरलं आणि दुसऱ्या वर्षी पोराला घरी बोलवावं लागलं, तर नुकसान दुप्पट होतं.

अधेमधे विद्यापीठ बदलणं

नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट जमा होतात. एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर ठरलेले क्रेडिट मिळवून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी. क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत राहतात, त्यामुळं विद्यापीठ बदलणं कागदावर शक्य आहे. पण विषय जुळावे लागतात आणि नव्या कॉलेजात जागा असावी लागते. ‘पहिलं वर्ष इथं, मग पुण्याला बघू’ असा बेत पक्का धरून चालू नका.

पदवी इथं आणि पुढचं शिक्षण तिकडं, हा रस्ता मात्र रुळलेला आहे. पुण्यात एमए, एमएस्सीच्या विभागांना ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. मुंबईहून जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते वेळेत मागवा.

पदव्युत्तरसाठी कोण कशात पुढं?

मुंबईकडं समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे देशातले जुने विभाग आहेत, व्यवस्थापनासाठी जमनालाल बजाज संस्था आहे. कल्याणला विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे. पुण्याच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था आहेत. पत्रकारिता आणि परकीय भाषांसाठी रानडे इन्स्टिट्यूट, नाटक-संगीतासाठी ललित कला केंद्र. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांचा ओढाही पुण्याकडं असतो.

निकालाची वेळ

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल कित्येक महिने रखडले. त्याच वर्षी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. ज्या मुलांना दुसरीकडं पुढचा प्रवेश घ्यायचा होता, त्यांची सगळ्यात जास्त अडचण झाली. म्हणून कुठल्याही कॉलेजात गेल्यावर शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना विचारा, ‘मागच्या सेमिस्टरचा निकाल कधी लागला? पुनर्मूल्यांकनाचा कधी आला?’ जाहिरातीपेक्षा हे उत्तर खरं असतं.

सवलत आणि शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. त्या राज्य सरकारच्या असल्यानं दोन्ही विद्यापीठांत चालतात.

• मुली: व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हा निर्णय जुलै २०२४ चा आहे. साध्या बीए-बीकॉमला तो लावू नका.
• खुल्या प्रवर्गातली मुलं: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा ८ लाख.
• अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना.
• आदिवासी: स्वयंम योजना. ठाकूर, कातकरी कुटुंबांनी शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.
• ओबीसी: वसतिगृहाऐवजी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे. कॉलेजात ती चालू आहे का, हे प्रवेशाआधी विचारा.

कागद आधी, फॉर्म नंतर

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर हे आपले सरकार केंद्रातून आधीच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो, तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेशासाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, मग कॉलेजचा वेगळा फॉर्म. फक्त कॉलेजचा फॉर्म भरून थांबलेल्या मुलाचं नाव यादीतून राहू शकतं. पुण्यात कॉलेजं आपापले प्रवेश करतात, त्यामुळं प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या असतात. इंजिनिअरिंग, कायदा आणि आता बऱ्याच ठिकाणी बीबीए, बीसीए, बीएमएसलाही राज्याची सीईटी लागते. ती न देता निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही.

थोडक्यात

साधी पदवी, घरचं बजेट तंग आणि जवळ चांगलं कॉलेज असेल तर इथंच शिकवा आणि वाचलेला पैसा पदव्युत्तरसाठी ठेवा. हवा तो विषय इथं नाही, पुण्यात नामांकित कॉलेजात नंबर लागतो आणि राहण्याची सोय पक्की आहे, तर पाठवा. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ठरवण्याआधी एकदा मुलाला घेऊन कॉलेज भरलेलं असताना, कामाच्या दिवशी, जाऊन बघून या. वर्गात तास होतात की नाही, ते अर्ध्या दिवसात कळतं.